−३ − ५ = ८ : आठवीच्या एका वर्गातली गणिताची उजळणी

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका बाजारगावातली अनुदानित, मराठी माध्यमाची शाळा. आठवीच्या तुकडीत ४४ मुलं. त्यांपैकी निम्मी पाचवीपासून याच शाळेत आहेत. उरलेली आसपासच्या वाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांतून सातवी करून जूनमध्ये दाखल झाली. गणिताला आठवड्याला सहा तासिका, प्रत्येक तासिका ३५ मिनिटांची. शाळेची किंवा मुलांची ओळख पटेल असे तपशील इथे दिलेले नाहीत.

आठवीच्या पुस्तकाची सुरुवात परिमेय आणि अपरिमेय संख्यांनी होते. जुलैअखेरच्या घटक चाचणीत एक साधा प्रश्न होता: −३/४ आणि −२/३ यांतली लहान संख्या कोणती? उत्तर −३/४, कारण −९/१२ ही संख्या −८/१२ पेक्षा लहान. वर्गातल्या जेमतेम पाच-सहा जणांनी ते कारणासह लिहिलं. बाईंनी प्रकरण पुन्हा शिकवलं, फळ्यावर तशीच सहा उदाहरणं सोडवली, गृहपाठ दिला. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न आकडे बदलून दिला, तरी फरक पडला नाही.

अडचण कुठे होती

हा प्रश्न दिसायला एक असला तरी त्यात दोन गोष्टी एकमेकींवर रचलेल्या आहेत: वेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांची तुलना, आणि ऋण संख्यांमध्ये मोठं-लहान उलटं होणं. यातली एक जरी कच्ची असेल तरी उत्तर चुकतं, आणि कुठली कच्ची आहे ते उत्तरपत्रिकेवरून कळत नाही. ‘परिमेय संख्या कच्च्या आहेत’ हे निदान म्हणूनच निरुपयोगी होतं. आठवीचं प्रकरण कितीही वेळा शिकवलं तरी सहावीची फट तशीच राहते.

त्यामुळे पाचवी ते सातवीच्या संकल्पनांवर एक पानी चाचणी काढली. प्रश्न १६, वेळ ३५ मिनिटं, पर्याय नाहीत, आणि कच्चं काम त्याच पानावर. पर्यायी प्रश्न मुद्दाम टाळले. चार पर्यायांत बरोबर उत्तर हेरणारं मूल कुठल्या नियमाने चालतंय ते कधीच दिसत नाही, आणि इथे गुणांपेक्षा तो नियम हवा होता. त्या दिवशी ४१ मुलं हजर होती. चाचणीतले काही प्रश्न, आणि उत्तरांत सर्वांत जास्त दिसलेली चूक:

१/२ + ३/४ = ४/६. अंशात अंश, छेदात छेद. बरोबर १३ जणांचं, हे चुकीचं उत्तर १९ जणांचं.

−३ − ५ = ८. बरोबर ११ जणांचं. ‘ऋण ऋण धन’ हा नियम निम्म्या वर्गाने इथे लावला होता.

८ + ४ = □ + ५. चौकटीत ७ यायला हवेत. सतरा जणांनी १२ लिहिले.

२.५ + ०.७५ = २.८०. दशांश चिन्हाच्या पुढचे ५ आणि ७५ सुट्या संख्यांसारखे मिळवले.

१२१८ ÷ ६ = २३. भागाकारातलं मधलं शून्य गायब.

३क्ष + ५ = २० हे मात्र ३३ जणांना आलं. त्यावर खूश होण्यात अर्थ नव्हता, कारण ते अंदाजानेही येतं. त्याच्या खालचं क्ष/३ + १/२ = २ फक्त चौघांना सुटलं.

चाचणीतला एक प्रश्न फसवा निघाला. ०.३, ०.२५, ०.१२५ चढत्या क्रमाने लावायचे होते. ‘जास्त अंक म्हणजे मोठी संख्या’ असं मानणारी मुलं त्यात सापडली. पण ‘जास्त अंक म्हणजे लहान तुकडे, म्हणून लहान संख्या’ असं मानणाऱ्या मुलांचं उत्तर योगायोगाने बरोबर आलं. नंतर तो प्रश्न बदलून ०.४, ०.३५, ०.४५७ असा केला. इथे तीन समजुती तीन वेगळी उत्तरं देतात. पहिल्या समजुतीचं मूल ०.४, ०.३५, ०.४५७ असं लिहितं, दुसऱ्या समजुतीचं ०.४५७, ०.३५, ०.४ असं, आणि ज्याला कळलंय ते ०.३५, ०.४, ०.४५७ असं. निदान चाचणीचा प्रश्न निवडताना प्रत्येक चुकीच्या समजुतीने तो सोडवून पाहावा. दोन समजुतींचं उत्तर एकच येत असेल तर तो प्रश्न टाकून द्यावा.

सहा मुलांशी बोलणं

पेपर तपासून झाल्यावर मधल्या सुट्टीत सहा मुलांशी एकेक करून बोलणं झालं. प्रत्येकी सात-आठ मिनिटं. ‘चूक का केलीस’ असं न विचारता ‘हे कसं केलंस ते सांग’ एवढंच. या बोलण्याने पुढची दिशा ठरली.

४/६ लिहिणाऱ्या एका मुलीचं घरी किराणा दुकान आहे. तिला तोंडी विचारलं, दीड किलो आणि पाऊण किलो मिळून किती?

“सव्वादोन.”

“कसं काढलंस?”

“दीड म्हणजे सहा पाव. पाऊण म्हणजे तीन पाव. नऊ पाव झाले ना बाई.”

तिने सगळं पावात मोजलं, म्हणजे समच्छेदच केला. पण कागदावरचं ३/४ आणि तोंडातलं पाऊण ही तिच्या लेखी दोन वेगळी जगं होती. अशी आणखी दोन मुलं निघाली.

−३ − ५ ला ८ म्हणणारा मुलगा ठामपणे म्हणाला, “दोन वजा आले की अधिक होतं.” सहावीत त्याने पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी केली होती, सातवीत गुणाकार-भागाकार आला. नंतर शिकलेला छोटा, घोकायला सोपा नियम आधीच्या समजेवर चढून बसला. हा नियम दोन ऋण संख्यांच्या गुणाकार-भागाकाराचा आहे, हे वाक्यातून गळून गेलं होतं.

समोरचे पर्याय

१. अभ्यासक्रम तीन आठवडे थांबवून सहावी-सातवीची पुस्तकं पुन्हा घ्यायची. मुख्याध्यापकांना ही कल्पना मान्य नव्हती, आणि त्यांचं म्हणणं अवाजवी नव्हतं. पुस्तकाचा पहिला भाग दिवाळीआधीच्या सत्र परीक्षेसाठी संपवावा लागतो. शिवाय पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा घेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला असल्याने आठवीचा निकाल आता सोडून देण्यासारखा नाही. पण खरं वैगुण्य वेगळं होतं: प्रकरणवार उजळणीत मुलाला जे येतं त्यावरही तितकाच वेळ जातो.

२. शाळेआधी जादा तास. वाड्यांवरून येणाऱ्या मुलांची एसटी शाळेच्या वेळेलाच पोचते. ज्यांना सर्वांत गरज, तीच गैरहजर राहिली असती.

३. स्तरानुसार गट करून वेगळ्या वर्गखोल्यांत शिकवणं. यासाठी त्याच वेळी मोकळा असलेला दुसरा गणिताचा शिक्षक लागतो. तो नव्हता.

४. प्रत्येक तासिकेची पहिली १२ मिनिटं उजळणीला. आठवड्याला ७२ मिनिटं, आठ आठवड्यांत ५७६ मिनिटं, म्हणजे जवळपास साडेसोळा तासिका. वेळ पुरेसा, अभ्यासक्रमही चालू राहतो. पण अपूर्णांकासारखी गोष्ट १२ मिनिटांच्या तुकड्यांत नव्याने उभी करता येत नाही. पट्ट्या वाटेपर्यंतच पाच मिनिटं जातात.

शेवटी पहिल्या आणि चौथ्याची जोड घातली. ऑगस्टचा एक पूर्ण आठवडा, सहा तासिका, फक्त अपूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीसाठी थांबायचं. त्यानंतर रोज १२ मिनिटं. आणि पुस्तकातल्या प्रकरणांचा क्रम बदलायचा: समांतर रेषा व छेदिका, चौकोन रचना ही भूमिती आधी घ्यायची, कारण तिथे अपूर्णांक जवळपास लागत नाहीत. विस्तार सूत्रं, अवयव आणि चलन त्यानंतर. एकचल समीकरणं तशीही दुसऱ्या सत्रात येतात, त्यामुळे तोपर्यंत ऋण चिन्हांची डागडुजी करायला अवधी मिळत होता. या क्रमबदलाला कुणाची परवानगी लागली नाही, पैसा लागला नाही, आणि आठ आठवड्यांची सवड मिळाली. सगळ्या निर्णयांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचा ठरला.

अपूर्णांकांचा आठवडा

पहिल्या दिवशी वह्या बंद. सगळं तोंडी: सव्वा आणि अर्धा किती? पावणेदोन. अडीचातून पाऊण गेले? दहा पावांतून तीन गेले, सात पाव, पावणेदोन. पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, आता पाठ करून घेत नाहीत, पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द घराघरांत जिवंत आहेत. प्रत्येक उत्तरानंतर एकच प्रश्न: कशात मोजलंत? “पावात.” मग फळ्यावर ६/४ + ३/४ = ९/४ लिहून, खालचा आकडा म्हणजे कशात मोजतोय त्याचं नाव आणि वरचा म्हणजे किती, असं मांडलं. पाच किलो आणि तीन किलो मिळून आठ किलो होतात; किलोत किलो कुणी मिळवत नाही. तसंच छेदात छेद मिळवत नाहीत. हे वाक्य बाईंनी सांगण्याआधी एका मुलानेच सांगितलं.

पावांचा उपयोग इथवरच. तृतीयांश, पंचमांश, सप्तमांश यांना बाजारात नावं नाहीत. त्यामुळे दुसऱ्या दिवशी कागदी पट्ट्या काढल्या.

पट्टी २४ सेंमी लांब, २ सेंमी रुंद. ए-फोर कागद २१ सेंमी रुंद आणि २९.७ सेंमी लांब असतो, म्हणजे एका कागदातून अशा १० पट्ट्या निघतात. दोघांत सहा पट्ट्या धरल्या तर २२ जोड्यांना १३२ पट्ट्या, म्हणजे १४ कागद. लांबी २४ घेण्याचं कारण: अर्धा १२, तृतीयांश ८, पाव ६, षष्ठांश ४, अष्टमांश ३, द्वादशांश २ सेंमी. सगळे पूर्ण सेंमीत येतात.

इथे तीन गोष्टी बिघडतात, आणि या वर्गातही बिघडल्या. एक, मुलं तृतीयांश घडी घालून करायला जातात आणि तीन तुकडे असमान होतात. घडी न घालता फूटपट्टीने ८ आणि १६ सेंमीवर खूण करायला सांगावं. दोन, कुणाची पट्टी कापताना २३ सेंमीची झाली की त्याचा अर्धा शेजाऱ्याच्या अर्ध्याशी जुळत नाही. वेळ असेल तर ही चूक थांबून वर्गासमोर आणावी, कारण ‘अर्धा कशाचा?’ हा प्रश्न त्यातून आपोआप येतो. तीन, १/२ + ३/४ साठी काही मुलं तुकडे जोडून लांबी मोजतात, ३० सेंमी म्हणतात, आणि तिथेच थांबतात. अखंड पट्टी २४, वर उरले ६, आणि ६ म्हणजे पाव. म्हणून सव्वा, अर्थात ५/४, हा शेवटचा टप्पा बोलून घ्यावा लागतो.

चौथ्या दिवशी १/३ + १/५ दिलं. पट्टीवर पंचमांश ४.८ सेंमी येतो, नीट मांडता येत नाही. मग प्रश्न असा: किती सेंमीची पट्टी घेतली असती तर दोन्ही नीट बसले असते? पंधरा, तीस, साठ अशी उत्तरं आली. लसावि इथे पट्टीची सोयीची लांबी म्हणून आला. त्याआधी बहुतेकांना लसावि काढता येत होता, पण तो का काढायचा याचा पत्ता नव्हता.

याच दिवशी एक निर्णय घ्यावा लागला. ज्या मुलांचे पाढे कच्चे होते ती लसावि काढतानाच अडकत होती. त्यांना छेदांचा गुणाकार घ्यायची मुभा दिली. ५/६ + ३/८ साठी ४८ घेतले तर ४०/४८ + १८/४८ = ५८/४८, आणि शेवटी संक्षेप करून २९/२४. चोवीस घेतले तर २०/२४ + ९/२४, तेच. आकडे मोठे होतात, पण विचार तुटत नाही.

दुसरा निर्णय तिरकस गुणाकाराचा. शाळेतल्याच एका ज्येष्ठ शिक्षकांनी सुचवलं की १/२ + ३/४ साठी १ गुणिले ४, ३ गुणिले २, बेरीज १०, खाली २ गुणिले ४ म्हणजे ८, हे शिकवा. दोन दिवसांत वर्ग बरोबर उत्तरं देईल. दिलीही असती. पण हीच तिरकस रेघ मुलं पुढे प्रमाणात ओढतात, तुलनेत ओढतात, आणि गुणाकाराचं चिन्ह दिसलं तरी ओढतात. तीन अपूर्णांक आले की ती मोडते. या वर्गाचा मूळ आजारच अर्थाशिवाय घोकलेल्या नियमांचा होता. त्यावर आणखी एक नियम देणं टाळलं.

त्याऐवजी एक सवय लावली. गणित सोडवायच्या आधी समासात अंदाज लिहायचा: उत्तर १ पेक्षा मोठं की लहान? १/२ + ३/४ चं उत्तर ४/६ आलं तर ते ३/४ पेक्षाही लहान आहे. मिळवल्यावर कमी कसं झालं? ही तपासणी स्वतः करणारी मुलं आठवड्याअखेरीस वर्गात तुरळक का होईना दिसू लागली.

रोजची १२ मिनिटं

ऋण संख्यांना तीन आठवडे दिले. ‘ऋण ऋण धन’ हे शब्द वर्गात बंद. ज्याला म्हणायचंच असेल त्याने पूर्ण वाक्य म्हणायचं: दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन असतो. व्हरांड्यातल्या ३० सेंमीच्या फरशांवर खडूने −१२ ते १२ अशी संख्यारेषा काढली. २५ फरशा, म्हणजे ७.५ मीटर जागा लागते. −३ वर उभं राहून ५ मागे जायचं. ठरलेली चूक: मूल ज्या फरशीवर उभं आहे तिलाच ‘एक’ म्हणतं आणि −७ वर थांबतं. आकडा पायाखालच्या फरशीचा नाही, उडीचा मोजायचा, हे पहिल्याच दिवशी ठसवावं.

संख्यारेषेवर ४ − (−६) मात्र पटत नाही. ‘उलटं तोंड करून उलटं चाला’ हा पुन्हा एक नियमच होतो. तिथे चिंचोके कामाला आले. सोंगट्यांच्या फाशांसाठी फोडतात तसे फोडलेले, एक बाजू पांढरी आणि एक तपकिरी. पांढरा म्हणजे +१, तपकिरी म्हणजे −१, आणि एक पांढरा व एक तपकिरी मिळून शून्य. ४ मांडायचे तर चार पांढरे. त्यातून सहा तपकिरी काढायचे आहेत, पण तपकिरी एकही नाही. मग शून्याच्या सहा जोड्या आत घालायच्या. किंमत बदलत नाही. आता सहा तपकिरी उचलले की दहा पांढरे उरतात. प्रत्येक जोडीला २० चिंचोके पुरतात. काही मुलांना याहून ४ − २ = २, ४ − १ = ३, ४ − ० = ४, ४ − (−१) = ५ हा क्रम लवकर पटला. दोन्ही दाखवावं.

दशांशाला दोन आठवडे लागले. मीटरपट्टीवर ०.४ मीटर म्हणजे ४०० मिमी, ०.३५ म्हणजे ३५०, ०.४५७ म्हणजे ४५७, ज्यांना ०.३५ मोठं वाटत होतं त्यांना हे दाखवल्यावर समजावून सांगण्याची गरज उरली नाही. वाचन ‘शून्य दशांश चिन्ह तीन पाच’ असंच. ‘पॉइंट पस्तीस’ म्हटलं की मूल ३५ आणि ४ यांची तुलना करायला लागतं. एक सावधगिरी: मुलांच्या डोक्यात दशांशासारखं दिसणारं पण दशांश नसलेलं बरंच काही असतं. क्रिकेटमधली १८.४ षटकं म्हणजे १८ षटकं ४ चेंडू; त्यात दोन चेंडू मिळवले की १९ होतात, १८.६ नाही. ३.५ रुपये अनेकांनी तीन रुपये पाच पैसे असे वाचले, आणि अडीच तास म्हणजे २.५० म्हणून दोन तास पन्नास मिनिटं असं एका मुलाने लिहिलं. हे फळ्यावर शेजारी शेजारी मांडून ‘इथे पुढचा अंक किती झाला की एक पूर्ण होतो?’ असं विचारलं. षटकात सहा, दशांशात दहा.

बरोबर चिन्हासाठी चूक की बरोबर असे प्रश्न घेतले: ७ = ३ + ४, ६ = ६, ५ + ३ = ३ + ५. पहिलं बऱ्याच जणांनी चूक ठरवलं, कारण ‘उलटं लिहिलंय’. त्यांच्यासाठी = म्हणजे ‘आता उत्तर लिहा’. ८ + ४ = १२ − ५ = ७ अशी साखळी वहीत लिहायची सवयही याच समजुतीतून येते, आणि समीकरणात हीच मुलं ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ = ९ काढतात; बाजू बदलली की चिन्ह बदलतं, एवढंच लक्षात राहिलेलं. पक्षांतर (पद बरोबर चिन्हाच्या पलीकडे नेणं) हा शब्द दोन आठवडे बाजूला ठेवून दोन्ही बाजूंवर तीच क्रिया लिहायला लावली.

क्रियांच्या क्रमाचं थोडक्यात. कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) मुलांना तोंडपाठ होतं. त्यात भागाकार आधी केल्याने उत्तर बिघडत नाही, पण बेरीज आधी केल्याने बिघडतं: १० − ४ + ३ चं उत्तर ९, आणि बेरीज आधी केली तर ३ येतं. बेरीज-वजाबाकी डावीकडून उजवीकडे क्रमाने, एवढी दुरुस्ती एका दिवसात झाली.

निकाल

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तीच १६ प्रश्नांची चाचणी, आकडे बदलून. पुन्हा जानेवारीत, न सांगता. तुलना त्याच ४१ मुलांची आहे.

वेगळ्या छेदांची बेरीज: आधी १३, ऑक्टोबरमध्ये ३१, जानेवारीत २७.

−३ − ५ या प्रकारचं: ११, मग ३३, मग ३२. सर्वांत टिकाऊ सुधारणा इथे झाली.

अपूर्णांकांचा गुणाकार: २४, मग १९, मग २९.

या तिसऱ्या ओळीतला ऑक्टोबरचा आकडा अनपेक्षित होता. जे आधी येत होतं ते बिघडलं. पेपर उलगडून पाहिल्यावर कारण स्पष्ट झालं: २/३ × ३/५ साठी मुलांनी १०/१५ × ९/१५ केलं आणि छेद तसाच ठेवून ९०/१५, म्हणजे ६ काढले. समच्छेद इतका ठसवला गेला होता की तो गुणाकारातही घुसला. गुणाकार बहुतेकांना येतो म्हणून त्या आठवड्यात तो घेतलाच नव्हता. म्हणून दोन्हींतला फरक कधी समोर आला नाही. खरं तर समच्छेद करूनही गुणाकार चुकत नाही: ९०/२२५ म्हणजे २/५ च. पण छेद ‘नाव’ म्हणून तसाच ठेवायचा हा बेरजेचा नियम इथे लागू नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुरुस्ती म्हणून दिवाळीनंतरची १२ मिनिटं बदलली. एका दिवशी एकच प्रकार न देता रोज पाच मिश्र गणितं: एक आजच्या विषयाचं, दोन मागच्या आठवड्यातली, दोन महिन्याभरापूर्वीची. आणि सोडवण्याआधी प्रत्येकापुढे फक्त लिहायचं: समच्छेद हवा की नको, उत्तर १ पेक्षा मोठं की लहान. गुणाकारासाठी २४ सेंमीची पट्टी पुन्हा काढली: तिचे २/३ म्हणजे १६ सेंमी, आणि त्या १६ चे ३/४ म्हणजे १२ सेंमी, अर्धी पट्टी. ‘चे’ म्हणजे गुणाकार, आणि एकापेक्षा लहान अपूर्णांकाने गुणल्यावर संख्या लहान होते.

घटक चाचणीतला मूळ प्रश्न, दोन ऋण अपूर्णांकांची तुलना, जानेवारीत वर्गातल्या दोन तृतीयांश मुलांनी कारणासह सोडवला. एकचल समीकरणांच्या प्रकरणात क्ष/३ + १/२ = २ सारखी उदाहरणं अजूनही निम्म्या वर्गाला जड जातात.

वेगळं काय करता आलं असतं

मिश्र गणितं पहिल्या आठवड्यापासून हवी होती. एका प्रकाराची सलग वीस गणितं सोडवताना मूल रीत ओळखायला शिकत नाही. रीत आधीच ठरलेली असते. ऑगस्टमध्ये वर्ग छान चालल्यासारखा दिसण्याचं कारणही हेच होतं.

मुलांशी बोलणं चाचणीनंतर न होता चाचणीच्या आधी झालं असतं तर प्रश्न जास्त धारदार निघाले असते, आणि दशांशाचा फसवा प्रश्न छापलाच गेला नसता.

अपूर्णांकांचा भागाकार पूर्णपणे राहून गेला. ३/४ ÷ १/२ म्हणजे पाऊण किलोत अर्ध्या किलोचे किती पुडे, दीड, हे पावांच्या दिवशीच दोन मिनिटांत घेता आलं असतं. त्याऐवजी ‘उलटा करून गुणा’ आजही तसंच चालू आहे, आणि बरीच मुलं दुसऱ्याऐवजी पहिला अपूर्णांक उलटा करतात.

सर्वांत मोठी उणीव पाच मुलांची. १२१८ ÷ ६ = २३ आणि ३००४ − १६७८ = २६७४ लिहिणारी ही मुलं. वजाबाकीत प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला, हातचा कुठेच नाही. त्यांची अडचण स्थानिक किमतीची, म्हणजे तिसरी-चौथीची होती. सहावीच्या अपूर्णांकांवर बेतलेली उजळणी त्यांच्या डोक्यावरून गेली, आणि तिन्ही चाचण्यांत त्यांचे गुण जवळपास तेच राहिले. ऑगस्टच्या पेपरांत हे दिसत होतं, पण ४१ पेपर प्रश्नवार मोजले गेले, मुलानुसार वाचले गेले नाहीत. फेब्रुवारीपासून या पाच जणांसाठी शनिवारी शाळा सुटल्यावर, परतीच्या एसटीपर्यंतचा अर्धा तास ठरवला आहे: शतक-दशक-एककांचे काड्यांचे गठ्ठे, तीन अंकी वजाबाकी, मग मधल्या शून्याचा भागाकार.